पॉल स्कोल्स बघायचा कसा

हायलाइट्सपासून सुरुवात करू नका, हे आधीच सांगून ठेवतो. हायलाइट्समध्ये स्कोल्स, म्हणजे मँचेस्टर युनायटेड आणि इंग्लंडचा हा फुटबॉल मिडफिल्डर, लांबून गोल हाणतो एवढंच दिसतं आणि मग लोक विचारतात की दम्याचा त्रास असलेल्या या बुटक्या माणसाचं एवढं काय कौतुक. त्यापेक्षा मँचेस्टर युनायटेडची २००६-०७ ची एखादी अख्खी मॅच लावा आणि पहिली वीस मिनिटं बॉल विसरून फक्त १८ नंबरचा शर्ट बघा. सुरुवातीला जमत नाही, डोळे आपोआप बॉलमागे पळतात, पण नेटाने करा.

नजर ठेवायची त्याच्या मानेवर. बॉल अजून दुसऱ्याच्या पायात असतो तेव्हाच हा खांद्यावरून दोनतीनदा मागे बघून घेतो, त्यामुळे बॉल आल्यावर विचार करायला थांबावंच लागत नाही. पळण्यात काही फार वेगवान नव्हता, तरी घाईत कधी दिसायचा नाही, आपण क्रिकेटमध्ये म्हणतो ना की चांगल्या बॅट्समनला बॉल खेळायला जास्त वेळ मिळतो, अगदी तसंच. कॅमेरा बॉलच्या मागे असल्यामुळे तो मधेच फ्रेमबाहेर जाईल, तेव्हा परत कुठून आत येतो तेवढं लक्षात ठेवा. आणि त्याने मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला लांब पास दिला की पास नका बघू, घेणाऱ्याचे पाय बघा, त्याला थांबावं लागतंय की पळता पळताच बॉल मिळतोय?

हाच सीझन का, तर २००६ च्या सुरुवातीला डोळ्याला धूसर दिसायला लागलं म्हणून त्याचा अर्धा सीझन गेला होता आणि परत आल्यावर तो बराच मागे राहून, कॅरिक या दुसऱ्या मिडफिल्डरच्या जोडीने गेम चालवायला लागला.

हे जमलं की मग मागे जा. सप्टेंबर १९९४, लीग कपमध्ये पोर्ट व्हेलविरुद्ध पहिलीच मॅच आणि दोन गोल, कारण तेव्हा तो फॉरवर्ड होता! १९९७ मध्ये युनायटेडचा मिडफिल्डर रॉय कीनचा गुडघा गेला आणि हा मिडफिल्डमध्ये रुळला, पण बॉक्समध्ये (गोलसमोरच्या चौकटीत) उशिरा घुसायची सवय काही सुटली नाही. युनायटेडसाठी ७१८ मॅचमध्ये १५५ गोल झाले ते त्यातूनच.

मार्च २०००, ब्रॅडफर्डविरुद्धची व्हॉली (बॉल जमिनीवर टेकायच्या आत मारलेला फटका) तीनदा बघा. एकदा बेकहॅमचा कॉर्नर, एकदा बॉक्सबाहेर मोकळा उभा असलेला स्कोल्स (सगळे डिफेंडर गोलपाशी गर्दी करून बसलेत), आणि एकदा नुसता पाय. एप्रिल २००८ ला बार्सिलोनाविरुद्ध सेमीफायनलमध्ये मारलेला गोल त्याच्यानंतर बघा, म्हणजे कळेल की एवढ्या वर्षांत पाय तोच राहिला.

वाईट भाग गाळू नका. टॅकल त्याला शेवटपर्यंत जमला नाही, आणि फॅन लोक यावर हसून विषय बदलतात, ते मला पटत नाही. १९९९ मध्ये तुरिनला सेमीफायनलमध्ये यलो कार्ड खाल्लं आणि बंदीमुळे चॅम्पियन्स लीगची फायनल हुकली, त्याच जूनमध्ये स्वीडनविरुद्ध रेड, जुन्या वेम्ब्लीवर रेड कार्ड खाणारा इंग्लंडचा पहिला खेळाडू. इंग्लंडकडून ६६ मॅच, १४ गोल, आणि २००४ च्या युरोनंतर (युरोपातल्या देशांची स्पर्धा) २९ व्या वर्षी इंग्लंडकडून खेळायचा थांबला. त्या युरोत जेरार्ड-लॅम्पार्ड हे दुसरे दोन मिडफिल्डर मधे खेळावेत म्हणून याला डावीकडे ढकललं होतं, त्या मॅचेस एकदा बघाच, लंगडीच्या खेळाडूला खो-खोत उतरवल्यासारखं वाटतं.

शेवटी ८ जानेवारी २०१२, मँचेस्टर सिटीविरुद्ध एफए कप. मे २०११ ला रिटायर झालेला माणूस २२ नंबर घालून बदली म्हणून उतरतो. त्याचाच एक पास चुकतो, त्यावर सिटीच्या अग्वेरोचा गोल होतो, आणि तरी पुढच्या मिनिटापासून परत मान वळवून मागे बघणं चालूच.