कंपनीच्या पैशातून सर्टिफिकेशन: बाँडवर सही करण्याआधी

वेर्ण्याच्या औषध कंपनीत ऑडिटरचा कोर्स असो की पणजीतल्या आयटी कंपनीत क्लाउडची परीक्षा, फी कंपनी भरणार म्हटलं की सोबत बाँडही येतो, म्हणजे ठरावीक मुदत नोकरी न सोडण्याचा, सोडल्यास पैसे भरण्याचा करार. त्यात वावगं काही नाही. तुम्ही मध्येच नोकरी सोडलीत तर झालेला खर्च उरलेल्या मुदतीच्या प्रमाणात परत मागण्याचा कंपनीला हक्क आहे. भांडण होतं ते त्याहून जास्त मागितलं जातं तेव्हा. म्हणून सगळं फी भरण्याआधी ठरवून घ्या. नंतर एचआर कागद बदलत नाही.

सुरुवात आकड्यापासून करा. ‘प्रशिक्षण खर्च 2 लाख’ असं मोघम लिहिलं असेल तर कोर्स फी, परीक्षा फी, प्रवास आणि निवास वेगवेगळे लिहून मागा. कोर्सच्या दिवसांचा पगार त्यात धरला असेल तर काढायला लावा. भारतीय करार कायदा 1872 च्या कलम 74 नुसार करारात कितीही रक्कम लिहिली तरी कोर्ट वाजवी भरपाईच देतं, आणि तीही लिहिलेल्या रकमेच्या आत. पण म्हणून ‘बाँड कोर्टात टिकत नाही’ या ऐकीव सल्ल्यावर विसंबू नका. विजया बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 14 मे 2025 रोजी तीन वर्षांच्या सेवेची अट आणि 2 लाखांचा बाँड वैध ठरवला आहे.

दुसरी गोष्ट, रक्कम दर महिन्याला कमी होत गेली पाहिजे. समजा फी 90,000, त्यावर 18 टक्के जीएसटी 16,200, एकूण 1,06,200 रुपये आणि मुदत 18 महिने. म्हणजे महिन्याला 5,900. अकरा महिन्यांनी सोडलंत तर उरलेल्या सात महिन्यांचे 41,300 रुपये होतात. इथे बिल कोणाच्या नावावर आहे ते बघा. कंपनीच्या जीएसटी क्रमांकावर असेल आणि कंपनीने त्याचं क्रेडिट घेतलं असेल (म्हणजे भरलेला जीएसटी स्वतःच्या करातून वळता केला असेल), तर तिचा खरा खर्च 90,000 च; मग वसुली 35,000 वर येते. वसुलीवर पुन्हा 18 टक्के लावले असतील तर 3 ऑगस्ट 2022 चं जीएसटी परिपत्रक क्रमांक 178 दाखवा. मुदतीआधी नोकरी सोडल्याबद्दल भरलेल्या बाँडच्या रकमेवर जीएसटी लागत नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे.

मुदत कधी सुरू होते, हा सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा. ‘प्रमाणपत्र मिळाल्यापासून’ असं लिहिलं आणि परीक्षा सहा महिने लांबली, तर तुम्ही तेवढे महिने जास्त अडकलात. कोर्स संपल्याची तारीख घाला. नापास झाल्यास दुसऱ्या वेळची फी कोणाची, कंपनीनेच कामावरून काढलं तर काय (वसुली शून्य असं लिहून घ्या), आणि नूतनीकरण कोण करणार, हेही लिहा. पीएमपी (प्रकल्प व्यवस्थापनाचं प्रमाणपत्र) घेतलंत तर ते टिकवायला दर तीन वर्षांत 60 पीडीयू, म्हणजे पुढच्या शिक्षणाचे गुण, भरावे लागतात. तो खर्च नवा बाँड बनून येऊ नये.

नोंदणी स्वतःच्या ईमेलवरच करा, कंपनीच्या नको. नाव ओळखपत्रावर आहे तसंच, अक्षर न अक्षर. आपल्याकडे गोव्यात पासपोर्टवर आडनावाचं जुनं पोर्तुगीज वळणाचं स्पेलिंग आणि आधारवर वेगळं, हे सर्रास आढळतं. ते जुळलं नाही तर परीक्षा केंद्राच्या दारातूनच परत पाठवतात आणि फी बुडते.

मूळ प्रमाणपत्रं आणि कोरा सही केलेला चेक कोणालाही देऊ नका. चेक न वटल्यास निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम 138 खाली फौजदारी खटला उभा राहू शकतो.

राजीनामा देताना हिशेब लेखी मागा. पीएफला कंपनी हात लावू शकत नाही. वेतन संहितेप्रमाणे राजीनाम्यानंतर दोन कामकाजाच्या दिवसांत पगार चुकता व्हायला हवा. तो अडवून धरला तर पणजीला पाटो इथल्या श्रमशक्ती भवनात, कामगार आयुक्तांकडे लेखी तक्रार द्या. जे खरंच देणं लागता ते बँकेतूनच भरा, आणि ‘बाँडची पूर्ण रक्कम मिळाली, काही येणं नाही’ असं पत्र रिलीव्हिंग लेटरसोबत त्याच दिवशी घ्या.