वर्गातलं आधी उतरवा, मग नवं आणा

पहिलीच्या वर्गावर नव्याने रुजू झालेल्या शिक्षकाचा पहिला पगार बहुधा तक्त्यांवर खर्च होतो. मुळाक्षरं, फळं, वाहनं, वर झुलणाऱ्या पताका. भेटीला येणारे साहेबही ‘बोलक्या भिंती’ बघून खूश होतात. पण आवाज, उजेड, गर्दी ज्यांना सोसत नाही अशा मुलांसाठी वर्ग करायचा, तर सुरुवात सामान उतरवण्यापासून करावी, असं माझं मत आहे. २०१४ साली कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी बालवाडीच्या मुलांना सजवलेल्या आणि साध्या अशा दोन्ही वर्गांत शिकवून पाहिलं. सजवलेल्या वर्गात मुलांचं लक्ष जास्त उडालं आणि शिकणंही कमी झालं. म्हणून फळ्याची भिंत मोकळी ठेवा. या आठवड्यात जे शिकवताय तेवढेच तक्ते लावा, तेही मागच्या भिंतीवर.

मग आवाज. पत्र्याचं छप्पर तुमच्या हातात नसतं, पण बाक ओढल्याची करकर असते. बाकांच्या पायांना सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे चढवा, पंक्चरवाला सहसा फुकट देतो. माझ्या वर्गातला एक मुलगा मधल्या सुट्टीची घंटा झाली की कान दाबून टेबलाखाली शिरायचा. आधी त्याला घंटेपूर्वी खूण करायला लागले. पुढे घंटेचा टोल त्याच्याच हातात दिला. स्वतः वाजवलेली घंटा त्याला इतकी टोचेना. तरी फटाक्यांना तो अजूनही घाबरतो.

काही मुलांचं नेमकं उलट असतं. शर्टाची कॉलर चावतात, बाकावर डुलतात, शेजाऱ्याला ढकलतात. त्यांना ‘गप बस’ म्हणून काही साधत नाही. वह्यांचा गठ्ठा ऑफिसात नेऊन ठेवणं, झाडांना बादलीने पाणी घालणं, सतरंज्या गुंडाळणं अशी जोर लावायची कामं द्या. स्नायू-सांध्यांना ताण मिळाला की बरीच मुलं स्थिरावतात. या विचाराचा पाया जीन एअर्स या अमेरिकन व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी) तज्ज्ञांनी घातला.

कपाटामागे सतरंजी टाकून एक शांत कोपरा जरूर करा. मात्र तिथे शिक्षा म्हणून कुणालाही पाठवू नका. एकदा पाठवलंत की त्या कोपऱ्यात कुणी आपणहून जाणार नाही.

आता शिकवण्याकडे वळू. सगळी इंद्रियं एकदम कामाला लावायची नसतात. ‘ब’ घ्या. खरखरीत काचकागदाचा मोठा ‘ब’ कापून पुठ्ठ्यावर चिकटवा. मुलाने दोन बोटं आधी गोलावरून, मग दांडीवरून आणि शेवटी पोटातल्या तिरप्या रेघेवरून फिरवायची आणि बोटं फिरत असतानाच ‘ब’ म्हणायचं. ‘व’ आणि ‘ब’मधली डोळ्याला निसटणारी ती रेघ बोटाला लागते. ही दोन्ही अक्षरं एकाच आठवड्यात घेऊ नका. ‘घ’ आणि ‘ध’चंही तेच. नंतर थाळीत रवा पसरून गिरवायला द्या. रांगोळी बोचते. रव्याला हात लावायलाच मूल बिचकत असेल तर जबरदस्ती नको, त्याला ब्रश द्या.

शैक्षणिक साहित्याच्या महागड्या किटच्या जाहिराती तुमच्याकडे येतीलच. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला बालवाड्या उभ्या केल्या, त्या चिंचोके, बिया, शंख-शिंपले असल्या आसपास मिळणाऱ्या साहित्यावर. प्रशिक्षणात कुणी ‘हे मूल बघून शिकणारं, ते ऐकून शिकणारं’ अशी वाटणी सांगितली तर ऐकून सोडून द्या. त्या वाटणीप्रमाणे शिकवल्याने मुलं जास्त शिकतात याला पुरेसा पुरावा नाही, असं २००८ साली मानसशास्त्रज्ञांनी घेतलेल्या आढाव्यात दिसलं आहे.

आणि निदान आपण करायचं नाही. ‘हा ऑटिस्टिक दिसतो’ हे शिक्षकखोलीतही बोलू नका. कोणत्या वेळी, कशाने, किती वेळ बिनसलं हे तारीखवार वहीत लिहा आणि पालकांना विश्वासात घेऊन गटसाधन केंद्रातल्या, म्हणजे शाळांना मदत करणाऱ्या तालुक्याच्या सरकारी केंद्रातल्या, विशेष शिक्षकांना ती वही दाखवा. ‘लक्ष नसतं’ या शेऱ्यापेक्षा अशी वही त्यांना कितीतरी उपयोगी पडते.

याच कामात पुढे जायचं असेल तर विशेष शिक्षणातलं डी.एड. किंवा बी.एड. करा. प्रवेशाआधी अभ्यासक्रमाला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता आहे का हे पाहून घ्या. ती नसेल तर परिषदेकडे नोंदणी होत नाही आणि विशेष शिक्षकाच्या जागेसाठी अर्ज करताना पहिल्यांदा तीच मागतात.