जर्म सेल ट्यूमर: अँटिबॉडीचे डाग वाचताना या चुका टाळा

जर्म सेल ट्यूमर म्हणजे शुक्राणू-अंडी बनवणाऱ्या बीजपेशींपासून होणारी गाठ; तिचा प्रकार ओळखायला अँटिबॉडी लावून पेशीतली ठरावीक प्रथिनं रंगवतात. त्यात साल-४ या प्रथिनाची अँटिबॉडी पॉझिटिव्ह आली की बरेच जण निदान झाल्यासारखे निर्धास्त होतात. ही अँटिबॉडी फार तर गाठीचं कूळ सुचवते, प्रकार नाही. शिवाय जठराच्या काही कर्करोगांतही ती रंगते. तेव्हा छाती-पोटातल्या गाठीत एवढ्यावर अहवाल लिहू नका.

खरा घोळ होतो सेमिनोमा आणि एम्ब्रियोनल कार्सिनोमा या दोन प्रकारांत, कारण ऑक्ट-३/४ हे प्रथिन दोन्हींत रंगतं. म्हणून पॅनेलमध्ये (एकत्र लावायच्या अँटिबॉडींच्या संचात) दोन्ही बाजूंचे साक्षीदार हवेत. सेमिनोमात सीडी-११७ आणि डी२-४० हे डाग पेशीच्या कडेने ठळक दिसतात. एम्ब्रियोनलमध्ये कडेला सीडी-३० येतं. मात्र डी२-४० चा फिकट, तुटक डाग एम्ब्रियोनलमध्येही सापडतो, त्याला भुलू नका. केमोथेरपीनंतर उरलेल्या एम्ब्रियोनलमधून सीडी-३० नाहीसं होऊ शकतं. रुग्णाला आधी केमो दिली होती का, हे स्लाइड लावण्यापूर्वीच विचारून घ्या. अर्जावर ते क्वचितच लिहिलेलं असतं!

डाग कुठे पडला, हेही तितकंच महत्त्वाचं. ऑक्ट-३/४, साल-४, सॉक्स-२ हे केंद्रकात हवेत. नुसता पेशीद्रव तपकिरी झाला असेल तर तो पॉझिटिव्ह धरू नये. अँटिबॉडीचा क्लोन (तिचा नेमका वाण), डायल्यूशन (ती किती पातळ केली) आणि अँटिजेन रिट्रीव्हल (रंगवण्याआधी प्रथिनं पुन्हा उघडी करणं) तपासा.

यॉक सॅक ट्यूमर या आणखी एका प्रकारात एएफपी (अल्फा-फीटोप्रोटीन) ठिकठिकाणीच उमटतं. छोट्या बायोप्सीत ते निगेटिव्ह आलं म्हणून यॉक सॅक नाही, असं म्हणता येत नाही. ग्लिपिकॅन-३ ची अँटिबॉडी जोडा, पण गाठ यकृतात असेल तर जपून: यकृतपेशींच्या कर्करोगातही दोन्ही रंगतात.

एचसीजी हे वारेचं संप्रेरक दिसताच कोरिओकार्सिनोमा (वारेसारख्या पेशींची गाठ) लिहायची घाई नको. सेमिनोमातही एचसीजी बनवणाऱ्या सुट्या सिन्सिशिओट्रोफोब्लास्ट पेशी असू शकतात.

काहीच रंगलं नाही तर? आधी त्याच स्लाइडवर लसीकावाहिन्या डी२-४० ने आणि मास्ट पेशी सीडी-११७ ने रंगल्यात का पाहा. त्याही कोऱ्या असतील तर दोष स्टेनिंगचा किंवा फिक्सेशनचा (फॉर्मॅलिनमध्ये ऊती टिकवण्याचा). वृषणाचं जाड आवरण वेळेवर कापलं नाही, तर फॉर्मॅलिन आत पोचतच नाही.

हे कंट्रोल, म्हणजे लसीकावाहिन्या आणि मास्ट पेशी, व्यवस्थित रंगलेत, रुग्ण वयस्कर आहे आणि ऑक्ट-३/४ निगेटिव्ह आहे, तर स्टेन पुन्हा लावत बसू नका. हेमॅटॉक्सिलिन-इओसिनची (नेहमीच्या रंगाची) स्लाइड काढा आणि लहान, मध्यम, मोठ्या अशा तीन आकारांच्या पेशी शोधा. ती गाठ स्पर्मॅटोसिटिक ट्यूमर, म्हणजे ऑक्ट-३/४ न रंगणारी वृषणाची वेगळी गाठ, असू शकते.