कोकणातून बेसबॉलचा पिचर घडवताना: फेकीची मोजदाद आणि पावसाळ्यातील बंदी

पिचर, म्हणजे बेसबॉलमध्ये फलंदाजाकडे चेंडू फेकणारा खेळाडू, निवडताना क्रिकेटच्या गोलंदाजाकडे पाहू नये, सीमारेषेवरच्या क्षेत्ररक्षकाकडे पाहावे. क्रिकेटच्या नियमांनुसार चेंडू टाकताना गोलंदाजाचे कोपर १५ अंशांहून अधिक सरळ होता कामा नये. बेसबॉलची फेक मात्र कोपर वाकवून, खांदा मागे फिरवून आणि मग संपूर्ण हात चाबकासारखा सोडून केली जाते. त्यामुळे टेनिस चेंडूच्या स्पर्धेत जो मुलगा किंवा मुलगी सीमारेषेवरून एकही टप्पा न पडता थेट यष्ट्यांवर चेंडू फेकते, किंवा शाळेच्या मैदानावर भाला सहज लांब टाकते, तिच्या हातात या खेळाचे बीज असण्याची शक्यता अधिक असते. उत्तर प्रदेशातील रिंकू सिंग (क्रिकेटपटू रिंकू सिंग नव्हेत) आणि दिनेश पटेल हे दोघेही भालाफेकपटूच होते. २००८ मध्ये भारतभर घेतलेल्या वेगवान चेंडूफेकीच्या स्पर्धेतून ते पुढे आले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात अमेरिकेतील पिट्सबर्ग पायरेट्स या संघाने दोघांशी करार केला. अमेरिकी व्यावसायिक बेसबॉल संघाशी करार करणारे ते पहिले भारतीय ठरले.

सरावासाठी लागणारे मैदान आपल्याकडे थोड्या कष्टांत तयार होते. पिचर ज्या उंचवट्यावरून चेंडू फेकतो त्या माउंडची उंची १० इंच असते आणि त्यावरील रबरी पट्टी २४ इंच लांब व ६ इंच रुंद असते. या पट्टीपासून होम प्लेटच्या, म्हणजे फलंदाजासमोरच्या जमिनीतील पाटीच्या, मागच्या टोकापर्यंतचे अंतर ६० फूट ६ इंच, म्हणजे १८.४४ मीटर असते. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ते ४६ फूट ठेवावे. आपली तांबडी माती पाणी मारून चोपली की घट्ट बसते, म्हणून उंचवटा तिचाच करावा, पट्टीच्या पुढे दर फुटाला एक इंच असा उतार द्यावा आणि रात्री त्यावर ताडपत्री घालावी. पट्टीच्या जागी चिरा बसवण्याचा मोह टाळावा, कारण त्याच्या कडेवर पाय मुरगळतो. जाड टायरचा तुकडा फळीवर ठोकून ती फळी मातीत पुरणे पुरेसे आहे. होम प्लेटवर १७ इंच अंतराने दोन काठ्या रोवून गुडघ्याच्या आणि छातीच्या उंचीवर सुंभाच्या दोन दोऱ्या बांधाव्यात, म्हणजे स्ट्राइकची चौकट, जिच्यातून पिचरने चेंडू न्यायचा असतो, डोळ्यांसमोर उभी राहते. तिच्या मागे बंदरावर निकामी झालेले मासेमारीचे जाळे सैल टांगले, तर चेंडू अडतो आणि दर फेकीसाठी कॅचर, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा खेळाडू, शोधावा लागत नाही. पुळणीवर मात्र पूर्ण जोराची फेक करू नये. कोरड्या वाळूत पुढचा पाय घसरतो आणि त्याचा भार थेट कोपरावर येतो. ओहोटीच्या वेळच्या ओल्या, घट्ट वाळूवर हलक्या लांब फेकी करता येतात, आणि पायांत बळ येण्यासाठी धावायला पुळणीसारखी जागा नाही.

बेसबॉलचा चेंडू १४२ ते १४९ ग्रॅम वजनाचा असतो, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूपेक्षा थोडा हलका. त्याच्यावर १०८ दुहेरी टाके असतात आणि पिचरची सारी विद्या या टाक्यांवर बोटे कशी ठेवायची यात आहे. पहिली दोन वर्षे एकच पकड शिकवावी: तर्जनी आणि मधले बोट शिवणीला आडवे, अंगठा खाली, आणि तळहात व चेंडू यांच्यामध्ये थोडी पोकळी. यालाच फोर-सीम फास्टबॉल म्हणतात. चेंडू दमट हवेने किंवा पावसाने ओला झाला असेल, तर तो बाजूला ठेवावा. जड आणि निसरड्या चेंडूमुळे मूल नकळत मनगट आवळते आणि पकड बिघडते.

फेकीच्या तंत्रात क्रिकेट खेळलेल्या मुलांना सर्वांत अवघड जाते ती गोष्ट म्हणजे धाव न घेता जोर काढणे. पिचरला धाव नाही. मागचा पाय पट्टीला रेटून, पुढचा पाय साधारण स्वतःच्या उंचीएवढा लांब टाकून आणि कंबर खांद्यांच्या आधी फिरवून त्याला वेग मिळवावा लागतो. हे समजावताना मी मुलांना खाडीच्या काठी नेतो आणि पाग टाकणाऱ्या माणसाकडे पाहायला सांगतो. तो आधी पाय रोवतो, मग कंबर फिरवतो, आणि हात अगदी शेवटी सुटतो. जाळे गोल उघडते ते या क्रमामुळे. जे मूल केवळ हाताने फेकते, त्याचे कोपर खांद्याच्या रेषेखाली पडते आणि काही महिन्यांत ते दुखू लागते. म्हणून पुढचा पाय जमिनीवर टेकताना कोपर खांद्याच्या उंचीवर आले आहे का, एवढे एकच प्रत्येक फेकीला पाहावे. चेंडू किती वेगाने गेला, हे पहिल्या वर्षी मोजूच नये.

मोजायच्या त्या फेकी, आणि त्यांची मोजदाद हा या मार्गदर्शनातील सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक लीग मेजर लीग बेसबॉल आणि तेथील राष्ट्रीय संघटना यूएसए बेसबॉल यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार एका दिवसात ११ ते १२ वर्षांच्या मुलाने ८५, १३ ते १६ वर्षांच्या मुलाने ९५ आणि १७ ते १८ वर्षांच्या मुलाने १०५ फेकींच्या पुढे जाऊ नये. १५ ते १६ वर्षांच्या मुलाने ३१ ते ४५ फेकी केल्या तर एक दिवस, ६० पर्यंत दोन दिवस, ७५ पर्यंत तीन दिवस आणि त्याहून अधिक केल्या तर चार दिवस विश्रांती घ्यावी. सामन्यात पिचर म्हणून खेळलेल्या मुलाला त्याच दिवशी कॅचर करू नये. आपल्याकडे या हिशेबात एक मोठी गळती असते. डिसेंबरपासून मे अखेरपर्यंत गावोगावी टेनिस चेंडूच्या स्पर्धा चालतात आणि चांगला हात असलेल्या मुलाला तीन-तीन संघ बोलावतात. मी एका गुणी मुलाच्या बेसबॉलच्या फेकी काटेकोरपणे मोजत होतो, पण शनिवारी-रविवारी तो दोन वाड्यांच्या संघांतून किती षटके टाकतो, हे मी कधी विचारलेच नाही. त्याच्या कोपराच्या आतल्या बाजूला कळ येऊ लागली तेव्हा माझी वही बिनचूक होती आणि तरीही खोटी होती. तेव्हापासून क्रिकेटचे षटक, सीमारेषेवरची फेक आणि भाल्याचा सराव हे सर्व एकाच वहीत लिहिले जाते, आणि ती वही मूल स्वतः लिहिते.

याच सूचनांमध्ये वर्षातून किमान चार महिने पिचिंग पूर्ण थांबवावे आणि त्यांपैकी दोन ते तीन महिने सलगपणे डोक्यावरून होणारी कोणतीही फेक करू नये, असे सांगितले आहे. हा नियम कोकणाला पटवून देण्याची गरज पडू नये. जूनमध्ये होड्या पुळणीवर ओढून झापांनी शाकारल्या जातात, आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून मगच त्या पुन्हा पाण्यात उतरतात. हाताचीही तीच बंदी पाळावी. जूनपासून नारळी पौर्णिमेपर्यंत चेंडू फडताळात ठेवावा, पडवीत रबरी पट्ट्याने खांद्याचे हलके व्यायाम करावेत, पोट आणि मांड्या बळकट कराव्यात. घरची भातलावणी असेल, तर त्या आठवड्यांत कंबरेचे व्यायाम वगळावेत, कारण चिखलात दिवसभर वाकल्याने कंबरेवर पुरेसा ताण आलेला असतो. बंदी उठल्यावर दहा पावलांच्या अंतरावरून हलक्या फेकींनी सुरुवात करून निदान सहा आठवड्यांनी माउंडवर उभे राहावे, मग मध्येच शालेय स्पर्धा आल्या तरी त्या वर्षी त्या मुलाला पिचर न करता, फेकी कमी कराव्या लागणाऱ्या पहिल्या बेसवर क्षेत्ररक्षक म्हणून खेळवावे.

कोपराच्या आतल्या बाजूचे दुखणे मालिशने किंवा लेप लावून दाबू नये. फेक त्याच दिवशी थांबवून अस्थिरोगतज्ज्ञाकडे जावे. तेथील अस्थिबंध तुटला तर १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरवर प्रथम केलेली शस्त्रक्रिया करावी लागते. जॉन यांनी त्यानंतर १९८९ पर्यंत खेळून कारकिर्दीतील २८८ विजयांपैकी १६४ विजय मिळवले, पण परतण्यासाठी साधारणपणे एक ते दीड वर्ष जाते आणि प्रत्येक जण परततोच असे नाही.

फास्टबॉलवर ताबा आल्यावर दुसरा चेंडू चेंजअप शिकवावा: हाताची गती तीच, पकड खोल, त्यामुळे वेग कमी. कर्व्हबॉल आणि स्लायडर या वळणाऱ्या चेंडूंची घाई करू नये. एकच चेंडू किती दूर नेऊ शकतो, हे मारियानो रिव्हेरा यांच्याकडे पाहून कळते. पनामातील प्वेर्तो काइमितो या मासेमारीच्या गावात ते वडिलांच्या बोटीवर काम करत असत. १९९० मध्ये अमेरिकेतील न्यूयॉर्क यांकीज संघाने त्यांच्याशी करार केला, १९९५ ते २०१३ या काळात त्यांनी प्रामुख्याने कटर या शेवटी किंचित वळणाऱ्या एकाच वेगवान चेंडूच्या बळावर ६५२ सेव्ह (सामन्याच्या शेवटी संघाची आघाडी राखल्याची नोंद) मिळवले आणि २०१९ मध्ये ते बेसबॉलच्या मानाच्या हॉल ऑफ फेममध्ये एकमताने निवडले गेलेले पहिले खेळाडू ठरले. हर्णै किंवा मालवणच्या मुलांना त्यांची गोष्ट मी आवर्जून सांगतो.

पुढच्या वाटेबद्दल पालकांशी स्पष्ट बोलावे. शालेय स्पर्धा, जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय संघ इथपर्यंतचा प्रवास देशात होतो, परंतु या खेळावर घर चालेल अशी व्यवस्था आज भारतात नाही. अमेरिकेतील वार्षिक ड्राफ्ट, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याची पद्धत, तेथील, कॅनडातील आणि प्वेर्तो रिकोतील खेळाडूंसाठी असतो. भारतातील खेळाडूला थेट संघाशी करार करावा लागतो आणि तो १६ व्या वर्षापासून शक्य होतो. करारानंतर मेजर लीगच्या खाली रूकी, सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए आणि ट्रिपल-ए अशा पायऱ्या असतात. २०२३ च्या वेतनकरारानुसार सर्वांत खालच्या पायरीवर वर्षाला किमान १९,८०० डॉलर आणि ट्रिपल-ए मध्ये ३५,८०० डॉलर मिळू लागले, तर त्या वर्षी मेजर लीगमधील किमान वेतन ७,२०,००० डॉलर होते. बहुतेक पिचर मधल्याच पायऱ्यांवर थांबतात. रिंकू यांची पुढची काही वर्षे दुखापतींत गेली आणि दोघांपैकी कोणीही मेजर लीगपर्यंत पोहोचले नाही. म्हणून बारावी आणि पदवी सोडू नये. इंग्रजी चांगले असेल, तर अमेरिकी महाविद्यालयाच्या संघातून खेळत शिकण्याचा मार्गही खुला राहतो.

निवड चाचणीसाठी कोणी मोठी रक्कम मागितली, तर तेथे जाऊ नये. चाचणीला जाण्यापूर्वी जन्मदाखला, शाळेचा दाखला, आधार आणि पारपत्र यांवरील नाव व जन्मतारीख अक्षरशः एकच आहे का ते तपासावे, कारण करारापूर्वी वयाची पडताळणी काटेकोरपणे होते. ग्रामपंचायतीच्या नोंदीत फरक निघाला, तर दुरुस्तीला वेळ लागतो, तेव्हा हे काम चौदाव्या-पंधराव्या वर्षीच, पावसाळ्याच्या बंदीत उरकून घ्यावे.