वाकळेची किंमत, वर्षाचा हंगाम आणि एक वही

मी अंबाजोगाईत जुन्या सुती लुगड्यांच्या वाकळा म्हणजे गोधड्या आणि बाळंतविड्याची दुपटी शिवून विकते. पहिल्या वाकळेची किंमत मी शेजारणीला विचारून ठरवली होती. त्या किमतीत कापड, दोरा आणि गाडीभाडे निघत होते, पण माझ्या हाताचे पैसे त्यात कुठेच नव्हते. आपल्या भागात भरतकाम, विणकाम, मातीकाम किंवा चित्रकाम करून विकणाऱ्या अनेकांची सुरुवात अशीच होते. म्हणून विक्री वाढवण्याच्या कोणत्याही उपायाआधी एक साधी वही घालावी आणि प्रत्येक वस्तूला लागलेले तास तिच्यात रोजच्या रोज लिहावेत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

तास लिहिताना केवळ धावदोरा घालण्याचा वेळ धरू नये. लुगडी धुणे, उसवणे, थर लावून टाचणे, फोटो काढणे, गिऱ्हाइकाशी बोलणे आणि पार्सल बांधून टपाल कार्यालयात नेणे हेही कामच आहे. समजा, एका मोठ्या वाकळेला सर्व मिळून ४० तास लागले आणि तासाला ६० रुपये धरले, तर मजुरीच २,४०० रुपये होते. कापड-दोऱ्याचे ४०० आणि धुलाई, पिशवी व वाहतुकीचे २०० मिळवले की ३,००० रुपये ही त्या वस्तूची मूळ किंमत झाली. न विकल्या गेलेल्या मालाचा आणि अवजारांचा भार पेलण्यासाठी तिच्यावर निदान २० टक्के चढवले, तर विक्रीची किंमत ३,६०० रुपये येते. हा आकडा पहिल्यांदा कागदावर पाहिला की एवढे पैसे कोण देणार, अशी धास्ती वाटते. अशा वेळी मजुरी कापू नये, वस्तू लहान करावी. कुंची, दुपटे किंवा उशीचा अभ्रा थोड्या तासांत होतो, त्याची किंमत पुष्कळांच्या आवाक्यात बसते, आणि त्याच घरातून पुढे मोठ्या वाकळेची मागणी येऊ शकते.

सर्वांत अवघड गिऱ्हाईक नात्यातले असते. मावशीने किंवा नणंदेने वस्तू मागितली की किंमत सांगायला जीभ रेटत नाही आणि शेवटी दोऱ्याचेही पैसे सुटत नाहीत. मी आता आधी पूर्ण किंमत सांगते, मग मनाला येईल तेवढी सूट देते आणि ती सूट वहीत ‘आहेर’ या खात्यावर लिहिते. वर्षाअखेरीस त्या खात्याची बेरीज केली, की आपण किती दिवस विनामूल्य राबलो ते कळते आणि पुढच्या वर्षी आहेराची मर्यादा आधीच ठरवता येते.

मराठवाड्यात विक्रीचे वेळापत्रक शेतीच्या पैशाने चालते. सोयाबीन बाजारात गेले आणि कापसाची वेचणी सुरू झाली, की दिवाळीच्या आगेमागे घरात पैसा येतो. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई लागते. त्यामुळे रुखवतात मांडण्याजोग्या वस्तू श्रावण-भाद्रपदातच तयार हव्यात. अधिक महिन्यात लग्ने थांबतात, पण जावयाला धोंड्याचे वाण द्यायचे असते. २०२३ साली अधिक श्रावण होता आणि २०२६ साली अधिक ज्येष्ठ आहे, तेव्हा हा महिना आधीच वहीत नोंदवून ठेवावा. बाळंतविड्याला मात्र हंगाम नसतो, म्हणून दुपट्यांचा साठा कायम असावा. छत्रपती संभाजीनगरच्या बाजूला पर्यटकांना माल विकणाऱ्यांनी अजिंठा लेणी सोमवारी आणि वेरूळ लेणी मंगळवारी बंद असतात हे धरून आपल्या सुट्टीचा वार ठरवावा.

कामाचेही असेच. उन्हाळ्यात अनेक गावांत पाणी टँकरवर येते, त्या वेळी ढीगभर लुगडी धुणे शक्य नसते. मी वर्षाची लुगडी संक्रांतीपर्यंत धुऊन, वाळवून, घड्या घालून ठेवते. भारनियमनाच्या वेळा माहीत असल्या तर मशीनचे काम वीज असताना आणि हातशिलाई वीज नसताना करता येते. आठवड्यातील एक दुपार केवळ हिशेब, फोटो आणि निरोप यांसाठी राखून ठेवावी, आणि त्या दुपारी सुई हातात धरू नये.

नव्या गिऱ्हाइकाच्या मागे धावण्याआधी जुन्यांची नावे सांभाळावीत. व्हॉट्सॲप बिझनेस हे ॲप मोफत मिळते, त्यात किमतीसह वस्तूंची यादी लावता येते. एकच निरोप एकदम अनेकांना पाठवण्याच्या त्यातील ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणच बसतात, आणि ज्याने आपला क्रमांक स्वतःच्या फोनमध्ये जतन केला आहे त्यालाच तो निरोप पोहोचतो. म्हणून वस्तू हातात देतानाच ‘माझा नंबर नावासकट जतन करा’ असे सांगावे. फोटो सकाळच्या उजेडात, दारापाशी काढावा. एक पूर्ण वस्तूचा आणि एक टाके दिसतील इतका जवळून. सोबत लांबी-रुंदी, कापड आणि धुण्याची पद्धत लिहावी, कारण वाकळ घरी धुता येते का, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतोच.

दुकानदाराला उधारीवर माल देताना विशेष सावध राहावे. एका मोठ्या शहरातील दुकानाने माझे पैसे आठ महिने अडकवले होते, आणि माझ्याजवळ कसलीही लेखी नोंद नव्हती. लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, म्हणजे उद्यम नोंदणी, १ जुलै २०२० पासून ऑनलाइन आणि विनाशुल्क होते, त्यामुळे तिच्यासाठी कोणाला पैसे देऊ नयेत. नोंदणी झालेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत देणे खरेदीदारावर कायद्याने बंधनकारक आहे. उशीर झाल्यास व्याज मागता येते आणि सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. त्यासाठी माल देतानाच बिलावर उद्यम क्रमांक, तारीख आणि पैसे देण्याची मुदत लिहून पोच म्हणून सही घ्यावी, आणि त्या बिलाची एक प्रत वहीतच चिकटवावी.