‘कलुप्तो’ वाचताना या चुका टाळा

घरातल्या पोराने पतपेढीत घोळ केला आणि वडीलधाऱ्यांनी प्रकरण दाबलं, की आपण म्हणतो, ‘पांघरूण घातलं.’ हे पांघरूण मनात ठेवून बायबलाच्या नव्या करारातलं १ पेत्र ४:८ वाचलं की घोटाळा होतो. प्रीती पापांची रास झाकते, असं तिथे आहे. मूळ ग्रीक क्रियापद ‘कलुप्तो’, झाकणे. अभ्यासवर्गात कोणीतरी हमखास विचारतं, ‘म्हणजे आपल्या माणसाचं दडपायचं?’

अजिबात नाही. याकोब ५:२० मध्येही हेच क्रियापद आहे, आणि तिथे पापांची रास झाकली जाते ती भरकटलेल्याला माघारी आणल्यामुळे. चुकलास हे त्याला सांगितल्याशिवाय तो वळेल कसा?

खरी किल्ली स्तोत्र ३२ मध्ये आहे. पहिल्या वचनात ज्याचं पाप झाकलं गेलं तो धन्य. पाचव्यात तोच स्तोत्रकर्ता म्हणतो, मी माझा अधर्म झाकला नाही. हिब्रूत दोन्हीकडे ‘कासा’ हाच धातू. ग्रीकमध्ये आधी ‘एपिकलुप्तो’, मग साधं ‘कलुप्तो’. (प्राचीन ग्रीक भाषांतरात शोधताना सापडेना, तर घाबरू नका, तिथे या स्तोत्राचा क्रमांक ३१ आहे.) पाप्याने स्वतः झाकलं तर ती लपवाछपवी, देवाने झाकलं तर क्षमा. पौलाने रोमकरांस ४:७ मध्ये घेतलेल्या ओळीतही ‘झाकले’च्या जोडीला ‘क्षमा’ आहेच. अर्थ अडला की आधी कर्ता शोधा.

दुसरी चूक, प्रत्येक ठिकाणी गुपित हुंगायचं. मत्तय ८:२४ मध्ये लाटांनी तारू झाकून जातं. तिथे कोण काय लपवतंय? पाणी वरून येतंय, एवढंच.

उपसर्गही नजरेआड करू नका. १ करिंथ ११ मधलं ‘काताकलुप्तो’ डोकं झाकण्याबद्दल आहे, तर २ करिंथ ३ मधला ‘कालुम्मा’ मोशेच्या तोंडावरचा पडदा. डोक्यावर पदर घेणं आणि तोंडावर बुरखा ओढणं यांतला फरक आपल्याला कोणी शिकवायला नको, तरी प्रवचनांत दोन्हींची खिचडी होतेच. ‘अपोकलुप्सिस’चं (इंग्रजीतलं ‘अपॉकॅलिप्स’) मात्र मराठीत बरं झालंय. सिनेमांनी त्याचा प्रलय केला, आपल्या बायबलात ते सरळ ‘प्रकटीकरण’ आहे: झाकण काढणं.

निलगिरीच्या ‘युकॅलिप्टस’ या नावातही हाच धातू आहे, कारण तिच्या कळीवर टोपी असते. सांगायला गंमत, पण त्यावरून वचनाचा अर्थ लावायला जाऊ नका. त्यापेक्षा शब्दच पाहा. साधं ‘कलुप्तो’ नव्या करारात आठच वेळा येतं: मत्तय ८:२४ आणि १०:२६, लूक ८:१६ आणि २३:३०, २ करिंथ ४:३ मध्ये दोनदा, आणि वरची १ पेत्र ४:८ व याकोब ५:२० ही दोन. चहा निवायच्या आत वाचून होतात.