प्रकल्पातील सर्व फाइल्सचे स्पेलिंग एकाच वेळी कसे तपासावे

लातूरच्या बाजार समितीतील सोयाबीन आणि तुरीचे भाव दाखवणारे अ‍ॅप तुमच्याकडे तयार होत आहे, असे समजू. एडिटरमधील स्पेल चेकर बहुधा उघडलेल्या फाइलपुरताच बोलतो; कोड, कॉमेंट्स, वापरकर्त्याला दिसणारे संदेश आणि रीडमी (प्रकल्पाची ओळख देणारी फाइल) हे सारे एका फेरीत तपासायचे असेल, तर कमांड लाइनवर, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञांनी, चालणारे साधन हवे.

कोडस्पेल आणि सीस्पेल ही दोन्ही साधने मोफत असली, तरी त्यांची रीत वेगळी आहे. कोडस्पेलकडे नेहमी होणाऱ्या चुकांची यादी असते आणि ते तेवढ्याच चुका दाखवते. सीस्पेल मात्र जोडून लिहिलेली व्हेरिएबलची नावे मोठ्या अक्षरापाशी तोडते आणि शब्दकोशात न सापडलेला प्रत्येक शब्द पुढे करते. जुन्या प्रकल्पावर थेट सीस्पेल चालवल्यास इतके शब्द समोर येतात की काम पहिल्याच दिवशी सोडून द्यावेसे वाटते. म्हणून आधी कोडस्पेल चालवणे शहाणपणाचे.

तपासायच्या फाइल्सची यादी गिटच्या (फाइल्समधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाच्या) एलएस-फाइल्स या कमांडने घ्यावी, म्हणजे गिटबाहेर ठेवलेली नोड मॉड्यूल्ससारखी, बाहेरून आणलेल्या तयार कोडची फोल्डर्स आपोआप वगळली जातात. लॉक फाइल्स (तयार कोडच्या आवृत्त्यांची नोंद) आणि मिनिफाय केलेला, म्हणजे आकार कमी करण्यासाठी आकसलेला, कोड मात्र सेटिंगमध्ये नाव घेऊन वगळावा लागतो.

यानंतर प्रकल्पाचा स्वतःचा शब्दसंग्रह करावा. परभणी, हिंगोली, अंबाजोगाई ही नावे रोमन लिपीत दिसली की सीस्पेल त्यांना चूक ठरवण्याची शक्यता मोठी असते. ती सरसकट संग्रहात टाकू नयेत. छत्रपती संभाजीनगर किंवा धाराशिव हे नाव तिघांनी तीन प्रकारे लिहिले असेल, तर आधी एक रूप ठरवून तेवढेच नोंदवावे. बीडची गोष्ट निराळी आहे: ते नाव बी, आय, डी या तीन अक्षरांनी लिहिले की तो बोली लावण्याचा अस्सल इंग्रजी शब्द होतो आणि कोणताही स्पेल चेकर त्याला अडवत नाही. अशा नावांसाठी गिट ग्रेप या शब्द शोधणाऱ्या कमांडने वेगळा शोध घ्यावा.

कोडस्पेलचा डब्ल्यू हा पर्याय फाइल्स परस्पर दुरुस्त करतो, पण पहिल्या फेरीत तो वापरू नये. एचटीटीपी या वेबच्या नियमावलीतील रेफरर हेडरच्या (वापरकर्ता कोणत्या पानावरून आला हे सांगणाऱ्या ओळीच्या) नावात एक आर कमी आहे, आणि 1996 सालच्या एचटीटीपी 1.0 च्या दस्तऐवजापासून तेच चुकीचे स्पेलिंग प्रमाण आहे. ते ‘सुधारले’ तर तुमच्या कोडला ती माहिती मिळणारच नाही. डेटाबेसमधील रकान्यांची आणि एपीआयमधील (प्रोग्रॅममधील देवाणघेवाणीच्या सोयीतील) नावे याच जातीची असतात. त्यामुळे कॉमेंट्स व मजकुरातील दुरुस्त्या एका कमिटमध्ये (गिटमधील बदलांच्या एका नोंदीत) ठेवाव्यात, व्हेरिएबलची नावे एडिटरच्या रिनेम सोयीने बदलून दुसऱ्या कमिटमध्ये घ्यावीत आणि त्यानंतर टेस्ट चालवाव्यात.

फाइल्स एकदा स्वच्छ झाल्या की हीच तपासणी प्री-कमिटमध्ये, म्हणजे प्रत्येक कमिटच्या आधी आपोआप चालणाऱ्या टप्प्यात, बसवावी. चूक सापडल्यास दोन्ही साधने शून्याखेरीज एक्झिट कोड (काम संपताना दिलेला आकडा; शून्य म्हणजे सारे ठीक) देतात, त्यामुळे कमिट तिथेच थांबते.